पदविकेतून पदवीकडे : राहून गेलेले गणित

दहावीचा निकाल लागला की अकोल्याच्या आडत बाजारात दोन-तीन दिवस तुरीच्या भावाइतकीच टक्क्यांची चर्चा चालते. कुणाची मुलगी विज्ञान शाखेला जाणार, त्यासाठी लातूर धरावे की कोटा, कुणाचा मुलगा वाणिज्य घेऊन सनदी लेखापालाची वाट चालणार, हे सारे मोठ्या आवाजात सांगितले जाते. एक वाक्य मात्र हमखास खालच्या पट्टीत येते : "त्याला पॉलिटेक्निकला टाकला." त्या 'टाकला' या क्रियापदातच सगळे काही आले. पाच वर्षांपूर्वी आमच्या घरच्या मुलाविषयी हे वाक्य मीच उच्चारले होते. तो माझा पुतण्या. आज तो विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीच्या अखेरच्या वर्षात आहे. मधल्या काळात आम्हा सर्वांना जे कळले ते आधी कळले असते तर त्याचे एक वर्ष फार सुखाचे गेले असते. हा लेख त्यासाठीच लिहीत आहे.

आमची एक लहानशी डाळ मिल आहे. मिलमध्ये मोटर बंद पडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. मिस्त्री येतो, नाक जवळ नेऊन वास घेतो आणि म्हणतो, "शेठजी, मोटर जयली." घरातली बाकीची मुले त्या वेळी सुट्टी मिळाली म्हणून बाहेर पळत. हा मात्र मिस्त्रीशेजारी मांडी घालून बसे आणि उघडलेल्या मोटरीतील तारेचे वेढे मोजी. दहावीला गुण बरे पडले, पण अकरावी-बारावीच्या शिकवण्या आणि प्रवेश परीक्षांच्या रेट्यात तो टिकेल असे दादांना वाटेना. शासकीय तंत्रनिकेतनात विद्युत शाखेची पदविका मिळत होती. घेतली.

येथे एक हिशेब आधीच मांडतो, कारण व्यापारी घरांत तो चुकीचा मांडला जातो. कुणी म्हणतो, पदविकेने वर्ष वाया जाते. कुणी म्हणतो, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो म्हणून वर्ष वाचते. दोन्ही खरे नाही. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार, मिळून सहा. दहावीनंतर पदविकेची तीन आणि पदवीची तीन, मिळूनही सहाच. फरक आहे तो वाटेतल्या मुक्कामाचा. तीन वर्षांनंतर पदविकाधारकाच्या हाती नोकरीला लागण्याजोगे प्रमाणपत्र असते. महावितरणसारखी कंपनी पदवीधरांबरोबरच पदविकाधारकांचीही शिकाऊ अभियंता म्हणून भरती करते. अनुभवाच्या अटी पूर्ण केल्यास विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना काढता येतो. बारावीच्या गुणपत्रिकेवर यातले काही मिळत नाही.

थेट द्वितीय वर्ष प्रवेशाचा नियमही समजून घ्यावा. त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा नसते. पदविकेच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते आणि राज्याची केंद्रीभूत प्रक्रिया जागा वाटते. खुल्या प्रवर्गासाठी पदविकेत किमान ४५ टक्के ही पात्रता आहे. पण पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाने मंजूर प्रवेशसंख्येच्या दहा टक्के जागा या विद्यार्थ्यांसाठी अधिकच्या धरल्या जातात, शिवाय पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा मिळतात. साठ जागांच्या वर्गात दहा टक्के म्हणजे सहा. नावाजलेल्या शासकीय महाविद्यालयात पहिले वर्ष बहुधा भरलेले असते, म्हणून तेथे या मोजक्या जागांसाठीच चुरस होते. पदविकेच्या पहिल्या वर्षी 'पास झाले की पुरे' असे म्हणणाऱ्या मुलांना ही गोष्ट तिसऱ्या वर्षी समजते.

अमरावतीत ही वाट डोळ्यांना दिसते. तेथील शासकीय तंत्रनिकेतन १९५५ सालचे आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचे. गाडगेनगर आणि कठोरा नाका ही ठिकाणे शहराच्या एकाच बाजूला आहेत. एका संस्थेतून दुसरीकडे जायला रिक्षाला फारसा वेळ लागत नाही. आज सहजसाधा वाटणारा हा प्रवास पूर्वीच्या पिढीला सोपा नव्हता. वऱ्हाडातील महाविद्यालये तेव्हा नागपूर विद्यापीठाखाली होती. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. नोकरी करणारा पदविकाधारक त्या काळी बहुधा एएमआयईची परीक्षा देई. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ही परीक्षा. दिवसा उपकेंद्रावर काम करायचे, रात्री कंदिलाच्या नाही तरी मंद बल्बच्या उजेडात पुस्तक उघडायचे, आणि वर्षानुवर्षे एकेक विषय सोडवत राहायचे. कित्येकांची ती परीक्षा अर्ध्यावरच राहिली. २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी तर त्या परीक्षेची पदवीशी असलेली शासकीय समकक्षताही उरली नाही. आजच्या मुलाला वर्गात बसून, दिवसा, शिक्षकांसमोर तीन वर्षांत पदवी मिळते, ही सवलत लहान नव्हे.

पुतण्याचे पदविकेचे गुण उत्तम होते. अकोल्यापासून रेल्वेने जाता येईल अशा एका खासगी महाविद्यालयात त्याला जागा मिळाली. वसतिगृहात ठेवावे की रोज जाऊ द्यावे, यावर घरात दोन दिवस खल झाला. वहिनींचा प्रश्न एकच होता : खानावळीत कंदमुळाविना जेवण मिळणार का, आणि सूर्यास्तापूर्वी मिळणार का? अखेर रोजचा रेल्वे पास काढला. घरी पेढे वाटले. बाजारात मी या वेळी वाक्य मोठ्या आवाजात उच्चारले.

आणि तिसऱ्या सत्रात तो गणितात नापास झाला.

नुसता नापास झाला असता तर गोष्ट वेगळी. त्याने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि आमच्यापुढे ठेवली. चुका मोजाव्यात असे काही तीत नव्हतेच. पाने कोरी होती. ज्या मुलाने पदविकेच्या यंत्रशाळेत स्टार-डेल्टा स्टार्टर डोळे मिटून जोडावा, रोहित्राच्या चाचण्या इतरांना समजावून द्याव्यात, त्याची पाने कोरी. दादा दुकानात गादीवर बसून होते. म्हणाले, "पुरे झाले. पदविका आहे ना? मिल सांभाळ." मुलगा काही बोलला नाही. त्या गप्प बसण्याने मला जास्त भीती वाटली.

नंतर चौकशी केली तेव्हा कारण उलगडले. त्यात कुणाचा विशेष दोष नव्हता. त्या रचनेतच खाच होती. पदवीच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी गणिताचे दोन विषय करतो : आव्यूह, आंशिक अवकलन, अवकल समीकरणे, बहुगुणी समाकलन. त्याच्या मागे अकरावी-बारावीची दोन वर्षांची बैठक असते. पदविकेच्या विद्यार्थ्याचे गणित मुख्यतः पहिल्या वर्षी आटोपते. त्यातही अवकलन-समाकलनाची ओळख होते, पण नंतरची दोन वर्षे यंत्रे, मापन, वीजवहन, देखभाल यांत जातात आणि हात गणितावरून उठतो. मग तो थेट दुसऱ्या वर्षात येऊन बसतो आणि बहुतेक ठिकाणी तिसऱ्याच सत्रात त्याच्यापुढे लाप्लास रूपांतर, फूरिये श्रेणी, संमिश्र चलांची फलने उभी राहतात. ज्या पायऱ्यांवरून वर्गातील इतर चढून आले, त्या त्याने पाहिलेल्याच नसतात. वर आणखी एक अडचण : द्वितीय वर्षाच्या प्रवेशफेऱ्या पदविकेचे निकाल लागल्यावर सुरू होतात आणि पुष्कळदा पर्युषणाच्या सुमारापर्यंत रेंगाळतात. वर्ग तोवर सुरू झालेले असतात. आमचा मुलगा सत्र सुरू झाल्यावर पाच आठवड्यांनी वर्गात पोहोचला. शिक्षकांचे लाप्लास अर्ध्यावर आले होते.

अशा विद्यार्थ्यांसाठी गणित, चित्रकला इत्यादी विषयांचे जोडवर्ग घ्यावेत, असे तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमातच सुचवलेले आहे. पण नियमातली ओळ आणि वेळापत्रकातला तास यांच्यात अंतर असते. प्रवेश घेताना आपण शुल्क विचारतो, बस विचारतो, नोकरी किती मुलांना लागली ते विचारतो. "द्वितीय वर्षात येणाऱ्यांसाठी गणिताचा जोडवर्ग कोणत्या महिन्यात होतो आणि किती तासांचा?" हा प्रश्न आम्ही विचारला नाही. आता कुणी सल्ला मागितला तर मी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला सांगतो.

या गोष्टीची दुसरी बाजू मला अमेरिकेतील आप्तांकडून कळली. तेथे पदवीपूर्वीची दोन वर्षे गावाजवळच्या सामुदायिक महाविद्यालयात करून मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्याची प्रथा जुनी आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएटचे असे पहिले महाविद्यालय १९०१ सालचे. कॅलिफोर्नियाने १९६० च्या शिक्षण आराखड्यात ही वाट राज्यभर पक्की केली. शुल्क कमी आणि घरी राहून शिकता येते, म्हणून तेथील आपली कित्येक कुटुंबेही मुलांना याच मार्गाने पाठवतात. बाहेरून पाहता ही आपल्या पदविकेची बहीणच वाटते. पण विद्युत अभियांत्रिकीत जाऊ पाहणाऱ्या मुलाला ते विद्यापीठ सहसा आधीच बजावते : कलनशास्त्राची संपूर्ण मालिका, रेषीय बीजगणित, अवकल समीकरणे आणि कलनावर आधारलेले भौतिकशास्त्र पूर्ण करून या. म्हणजे तेथे गणित करून उंबरा ओलांडायचा, यंत्रे नंतर. आपल्याकडे मुलगा यंत्रे शिकून उंबरा ओलांडतो आणि गणित आत गेल्यावर त्याची वाट पाहत असते. मला आपली पद्धत वाईट वाटत नाही. ज्याच्या हाताला तारेची ओळख आहे त्याला समीकरणाचा अर्थ लवकर लागतो, असा माझा अनुभव आहे. फक्त राहिलेले गणित ही उधारी आहे, हे त्या मुलाला प्रवेशाच्या दिवशीच सांगितले पाहिजे. आपण त्याला पेढा देतो.

हे गणित लागते तरी कशाला, असा दादांचा रास्त प्रश्न होता. त्याचे उत्तर पुढे पुतण्यानेच मिलच्या वीजबिलावर दिले. मोटरींचा भार ५० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर वाहिनीवरचे ओझे ६२.५ केव्हीए होते. पॉवर फॅक्टर ०.९५ वर आणला तर तेच काम सुमारे ५२.६ केव्हीएत भागते, आणि त्यासाठी सुमारे २१ केव्हीएआरचा कॅपॅसिटर बसवावा लागतो. "हे तर मला पदविकेतही येत होते, काका," तो म्हणाला. "पण कॅपॅसिटरचा स्विच टाकला त्या क्षणी प्रवाह किती उसळी घेतो, ती किती वेळात शमते आणि संपर्कांचे टोक का जळते, हे तेव्हा सांगता येत नव्हते." पदविकेत मुख्यतः स्थिरावलेल्या वीजमंडलाचा अभ्यास होतो, पदवी त्या स्थिरावण्यापूर्वीच्या क्षणांत शिरते. आपल्या भाषेत सांगायचे तर एक रोजमेळाची अखेरची शिल्लक पाहते, दुसरी दिवसभर गल्ल्यात काय आले-गेले ते पाहते. बदलत्या राशीचा हिशेब अवकल समीकरणाने होतो आणि ते समीकरण सोडवायची सोपी युक्ती म्हणजेच ते लाप्लास रूपांतर, ज्याच्यापुढे त्याने पाने कोरी सोडली होती. पारसच्या औष्णिक केंद्रातून निघालेली वीज वाहिनीवर दोष आल्यावर क्षणार्धात कशी तोडायची, छतावरच्या सौरपॅनेलची वीज जाळ्यात कशी मिसळायची, हे सारे त्याच वळणाचे प्रश्न आहेत.

मिल सांभाळण्याचा निर्णय टळला तो माझ्या मुलीमुळे. ती त्याच्याहून एका वर्षाने मोठी, तेव्हा बी.एस्सी.ला गणित घेऊन शिकत होती. तिने ती कोरी उत्तरपत्रिका पाहिली आणि म्हणाली, "याला लाप्लास येत नाही असे नाही. याला समाकलन येत नाही. लाप्लासपर्यंत तो पोहोचलाच नाही." आम्ही वडीलधाऱ्यांनी महिनाभर जे निदान केले नव्हते ते तिने दहा मिनिटांत केले. आणि मग, जरा चिडूनच, तिने असेही सांगितले की बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधरांनाही नियमाने अभियांत्रिकीच्या द्वितीय वर्षात प्रवेश मिळू शकतो, फक्त पहिल्या वर्षाची अभियांत्रिकी चित्रकला आणि यामिकी त्यांना पूर्ण करावी लागतात. घरात हे कुणाला ठाऊक आहे का? कुणालाच ठाऊक नव्हते. तो विषय तेव्हा तेथेच राहिला, पण मी विसरलेलो नाही.

संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली की दुकानाच्या वरच्या खोलीत दोघे बसू लागले. तिने त्याच्या अभ्यासक्रमाचे पुस्तक बाजूला ठेवायला लावले. बारावीचे राज्य मंडळाचे गणिताचे पुस्तक आणले आणि अवकलनापासून सुरुवात केली. एकोणीस वर्षांच्या, पदविकेत वरचे गुण मिळवलेल्या मुलाला बारावीचे पुस्तक उघडताना जो संकोच वाटला तो मी पाहिला आहे. पहिल्या आठवड्यात तो दोनदा उठून गेला. तिने समजूत घातली नाही; दुसऱ्या दिवशी त्याच पानावर बोट ठेवून पुन्हा बसली. चूक कोठे होते ते तिने शोधून काढले होते. सूत्रे त्याला पाठ होती, पण आंशिक अपूर्णांक पाडता येत नव्हते. आणि व्यस्त लाप्लासचे निम्मे काम तेच असते. तीन आठवडे केवळ आंशिक अपूर्णांक. त्यानंतर खंडशः समाकलन. अवकल समीकरणे दिवाळीनंतर नव्हे, थेट संक्रांतीच्या पुढे आली. एकदा तिला एका उदाहरणाचा अर्थ लागेना. त्यात रोधक आणि वेटोळे जोडले होते. तेव्हा तो उठला, कागदावर मंडल काढले, आणि स्विच टाकल्यावर वेटोळे प्रवाहाला का अडवते हे तिला शिकवू लागला. त्या रात्री खोलीतला दिवा बराच उशिरापर्यंत जळत होता.

उन्हाळी परीक्षेत विषय सुटला. गुण फार नव्हते. दादांनी गुणपत्रिका पाहिली, मुलीला बोलावले आणि गल्ल्यातून काढून तिच्या हातावर रक्कम ठेवली. "शिकवणीचे," म्हणाले. तिने ती घेतली याचे घरातील बायकांना आश्चर्य वाटले. मला वाटले नाही.

काही व्यावहारिक बाबी येथे थोडक्यात सांगतो, कारण त्या मला वारंवार विचारल्या जातात. आपल्या समाजाला २७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. पण प्रवेशातील अल्पसंख्याक जागा ज्या संस्था स्वतः जैन अल्पसंख्याक म्हणून मान्य आहेत त्यांच्याच असतात. शासकीय महाविद्यालयात त्या नावाची वेगळी जागा शोधू नये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका होतो, मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेणाऱ्यांनी हे आधी तपासावे. पुढे परदेशी जायचा विचार असेल तर पदविकेच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका जपून ठेवाव्यात. तेथील विद्यापीठे तीन वर्षांच्या पदवीबरोबर त्या बहुधा मागतात. आणि बारावी विज्ञान किंवा दोन वर्षांची आयटीआय झालेल्या मुलालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, म्हणजे ही शिडी खाली आणखी एका पायरीने लांब आहे.

पदविकेचा निकाल आणि पदवीचे वर्ग यांच्यामध्ये दोन-अडीच महिने मोकळे जातात. बहुतेक घरांत मुलगा तेव्हा दुकानात बसतो किंवा लग्नसराईत फिरतो. माझे मत विचाराल तर ते दिवस दुकानाचे नव्हेत.

गेल्या महिन्यात अमरावतीहून आमच्या एका व्याह्यांचा दूरध्वनी आला. त्यांच्या नातवाचे विद्युत पदविकेचे शेवटचे सत्र चालू आहे, गुण चांगले आहेत. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी जरा आवाज खाली आणत विचारले, "तुमच्या मुलीने लिहिलेली ती वही म्हणे तुमच्याकडे आहे?" वही म्हणजे खरे तर मिलच्या जुन्या वजनपावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूंचा दोऱ्याने शिवलेला गठ्ठा आहे. पहिल्या साठ पानांवर फक्त आंशिक अपूर्णांक आहेत. मी पुतण्याला विचारले. तो म्हणाला, वही देऊ नका, छायाप्रत काढून द्या. आणि त्या मुलाला सांगा, निकालाची वाट पाहू नको, आजच पहिले पान उघड. छायाप्रत मंगळवारी अमरावतीला जाणाऱ्या आमच्या माणसाबरोबर पाठवली.